बारावीनंतर फौजेत जायचंय? आधी उंची मोजा, मग वर्दी निवडा

गावात मला 'मिलटरीवाले नाना' म्हणतात. खरं तर मी नौदलात होतो. एकवीस वर्षं नोकरी, त्यातली नऊ जहाजावर. पण आमच्या सातारा जिल्ह्यात वर्दीतला माणूस म्हणजे मिलटरीवाला, मग तो पाण्यात असो नाहीतर हवेत. थोरला दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार होऊन आला. मावसभाऊ हवाई दलात सार्जंट होता. दिवाळीत आम्ही तिघं ओट्यावर बसलो की बारावीची पोरं येतात आणि एकच विचारतात, "नाना, तिन्हीतलं चांगलं कुठलं?" मग तिघं तीन उत्तरं देतो, भांडतो, चहा होतो आणि पोरगं आलं तसंच परत जातं. म्हणून हे एकदाचं लिहून काढतोय.

आधी माझंच सांगतो, कारण मी दल निवडलंच नव्हतं. मला दादाच्या मागं पलटणीत जायचं होतं. 1995 साली भरतीच्या मैदानावर उंचीच्या खांबाखाली उभा राहिलो. पाहिजे होती 168 सेंटिमीटर, माझी भरली 166 आणि वर चिमूटभर. मी हळूच टाचा उचलल्या. मोजणाऱ्या हवालदारानं काही न बोलता माझ्या पायाच्या बोटांवर छडी टेकवली आणि म्हणाला, "बेटा, घर जाओ, दूध पियो." दूध पिऊन काही उंची वाढली नाही. पुढच्या वर्षी नौदलाची जाहिरात आली, तिथं 157 पुरत होती, मी बारावी सायन्स होतो, फॉर्म भरला. दीड सेंटिमीटरनं माझं आयुष्य डोंगरावरून समुद्रात नेलं.

तर पहिलं काम हे. भिंतीला टेकून, अनवाणी, कुणाकडून तरी उंची मोजून घ्या. महाराष्ट्रातल्या पोराला सैन्यदलात जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे साध्या जवानासाठी, 168 लागते, टेक्निकलला 167, क्लार्क-स्टोअरकीपरला 162. नौदलाला 157, हवाई दलाला 152. आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळं त्या वर्षीची जाहिरात समोर ठेवूनच बघा. पण 164 उंचीचं पोरगं दोन वर्षं पहाटे उठून जनरल ड्यूटीसाठी पळतंय आणि त्याला कुणी टेप लावलेला नाही, हे मी दर वर्षी बघतो. पळणं वाया जात नाही म्हणा, पण वय जातं.

दुसरं, दहावीचं सर्टिफिकेट काढा आणि जन्मतारखेवर बोट ठेवा. बहुतेक जण आधी वर्दीचा रंग निवडतात, मी म्हणतो आधी दरवाजा निवडा. बारावीनंतर दोन दरवाजे आहेत. एक अधिकाऱ्याचा, दुसरा जवानाचा, म्हणजे आता अग्निवीराचा. अधिकाऱ्याचा दरवाजा लवकर बंद होतो. एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वय चालतं. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. बारावीत असतानाच बसता येतं. म्हणजे अकरावीपासून जाग असेल तर वयाप्रमाणं तीन ते पाच संधी मिळतात. "एक वर्ष गॅप घेतो, मग बघतो" असं म्हणणाऱ्याच्या हातात एखादीच उरते.

इथं माझी जुनी तक्रार आहे. खडकवासला आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. सहल तिथल्या धरणावर जाते, पोरं पाण्यात पाय सोडून भजी खातात आणि समोरच्या प्रबोधिनीचा फॉर्म कुणी भरत नाही. का, तर आपलं पोरगं जवानच होणार, हे आई-बाप, मास्तर आणि आम्ही माजी सैनिक मिळून आधीच ठरवून टाकतो. फॉर्म भरून नापास झालात तर हरकत नाही. न भरता स्वतःला नापास करू नका.

एनडीएचे पेपर दोन असतात. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी 600 गुणांची, त्यात इंग्रजीही येतं. चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. मग एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत, 900 गुणांची, पाच दिवस. लेखीइतकंच वजन मुलाखतीला आहे, म्हणून गावातल्या पोरानं अकरावीपासून चारचौघांत उभं राहून बोलायची सवय करावी, गणपती मंडळाचा हिशोब वाचून दाखवला तरी चालेल. सायन्स नसेल तर एनडीएतून फक्त सैन्यदलाची बाजू खुली असते. नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. पण आर्ट्सवाल्यानं हुरळून जाऊ नये, ते 300 गुणांचं गणित त्यालाही द्यावंच लागतं. फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम लिहावा लागतो. तो मित्राचा बघून लिहू नका, पुढं तीन दलांचे दिवस सांगतोय ते वाचून लिहा. वैमानिक व्हायचं असेल तर एक लक्षात ठेवा, हवाई दलाची ती संगणकावरची वैमानिक चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.

जेईई मेन्स देणाऱ्या पोरांना आणखी एक वाट आहे आणि ती आमच्याकडं फारशी कुणाला माहीत नसते. सैन्यदलाची टेक्निकल एंट्री, पीसीएमला 60 टक्के हवेत. नौदलाची बीटेक एंट्री, पीसीएमला 70 टक्के हवेत, प्रशिक्षण केरळमध्ये एझिमलाला. लेखी परीक्षा वेगळी नाही, थेट एसएसबी. इंजिनिअरिंगचं शिक्षण सरकारी खर्चानं होतं. एसएसबीचं बोलावणं आलं की नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं फुकट तयारी करून घेतात. चाळीस हजार भरून क्लास लावण्याआधी तिथं चौकशी करा. दहावीतला धाकटा भाऊ असेल तर त्याच्यासाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, 1977 पासून एनडीएसाठीच मुलं घडवते. आता मुलींसाठी नाशिकला निघाली आहे.

पुतणी विचारते, "काका, आम्ही काय करायचं?" एनडीए मुलींना 2022 पासून खुली झाली आणि मे 2025 मध्ये पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली बाहेर पडल्या. अग्निवीर म्हणून नौदल आणि हवाई दलात मुली जातात. सैन्यदलात मात्र त्या वाटेनं फक्त मिलिटरी पोलिस. मेडिकलची 'नीट' परीक्षा देणार असाल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, आणि मिलिटरी नर्सिंगही बघा.

आता अग्निवीराचा दरवाजा. योजना जून 2022 मध्ये आली. नोकरी चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार. त्यातले 30 टक्के कापून निधीत जातात, सरकार तेवढेच घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार. चार वर्षांनी व्याजासकट साधारण 11 लाख 70 हजार एकरकमी मिळतात, त्यावर आयकर नाही. विमा 48 लाखांचा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत पोरं कायम होतात, बाकीची घरी. चार वर्षं लग्नही करता येत नाही, हे मुलगी बघून ठेवणाऱ्या आईला आधीच सांगा.

मला लोक विचारतात, ही योजना चांगली की वाईट. मी पेन्शन घेणारा माणूस, मी चांगली म्हणालो तर पोरं हसतील. पण ज्याला आज जायचंय त्याला यातूनच जायचंय. तेव्हा हिशोब असा करा की आपण त्या पंचाहत्तरांत आहोत. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घरी आलो, बँकेत साडेअकरा लाख आहेत आणि हातात काय येतंय? या प्रश्नाचं उत्तर तिन्ही दलांत वेगवेगळं येतं, आणि दल निवडायचं ते त्या उत्तरावर. वर्दीवर नको. 26 जानेवारीची परेड एक दिवस असते, बाकीचे 364 दिवस कुणी बघत नाही.

दादाचा दिवस सांगतो. पाचला उठणं, पीटी, फॉलिन म्हणजे रांगेत हजेरी, मग हत्यार साफ करणं, खड्डा खणणं, सामान चढवणं, रात्री दोन-दोन तासांची संतरी ड्यूटी. फील्डला, म्हणजे सीमेकडं, असला की गस्त. आधी काश्मीर, मग सियाचिन. डाव्या पायाचं एक बोट त्याला अजून लागत नाही. चप्पल निसटली तरी कळत नाही, वहिनी मागून हाक मारते. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही, पीसला, म्हणजे शांत ठिकाणी, बदली होऊन आलं तरी क्वार्टरची वाट बघावी लागते. तो मला म्हणायचा, "तुझं मशीन बंद पडलं तर तू पाना घेऊन बसतोस. माझं मशीन म्हणजे माझे पाय." पण त्याच्या पोरीच्या लग्नात पलटणीतली एकोणीस माणसं आली होती, कोकणापासून बेळगावपर्यंतची, आणि मांडवात उभं राहून जेवण वाढत होती. माझ्या जहाजावरचे दोन आले होते. हे आमच्याकडं नाही. माणसांत रमणारा, पायांनी दणकट, उघड्यावर झोप लागणारा पोरगा असेल तर त्यानं सैन्यदलच बघावं.

एवढंच की मराठा लाइट इन्फन्ट्रीच मिळेल असं धरून चालू नका. कुठली रेजिमेंट, कुठला कोर हे भरती झाल्यावर लष्कर ठरवतं. बेळगावला जाईन म्हणालेला आमचा एक जण नाशिक रोडला तोफखान्यात गेला, आता त्याला तोफेशिवाय दुसरं काही सुचत नाही. आणि सैन्यात सगळे बंदूकच धरतात असं नाही. टेक्निकल आणि क्लार्क-स्टोअरकीपर या वेगळ्या भरत्या आहेत. बारावीला 60 टक्के असूनही पोरं फक्त जनरल ड्यूटीला उभी राहतात, याचं मला नवल वाटतं. गाडी, वायरलेस, भांडाराचा हिशोब यातलं काही शिकून आलेला पोरगा चार वर्षांनी जास्त लवकर उभा राहतो.

आता माझं. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का आहे, तिथं सगळे नौसैनिक घडतात. पहिल्या आठवड्यात पोहण्याच्या तलावावर उभं केलं. मी विहिरीत शिकलेला, उडी मारली. माझ्या शेजारचा माण तालुक्यातला. त्याच्या गावच्या विहिरीला पाणीच नव्हतं, पोहणार कुठं? तो कठड्याला धरून रडला. दोन महिन्यांत तो माझ्यापेक्षा चांगला पोहायला लागला. तेव्हा पोहता येत नाही म्हणून नौदलाचा फॉर्म सोडू नका, ते शिकवतात. जे शिकवता येत नाही ते वेगळं आहे.

मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं शिक्षण आणि तिथून जहाज. माझं पहिलं जहाज वाफेवर चालणारं. मिडल वॉच म्हणजे रात्री बारा ते चार. लोखंडी शिडीनं खाली उतरायचं, तिसऱ्या पायरीपासूनच गरम हवा तोंडावर येते. खाली बॉयलर, डोळे गेजच्या काट्यावर, कानात एवढा आवाज की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. तळहात नळीवर ठेवला की बेअरिंग तापलंय का ते कळायला लागतं, पण त्याला दोन वर्षं जातात. चार वाजता वर डेकवर आलो की अंगातला गंजीफ्रॉक पिळता यायचा. वारा लागला की पाच मिनिटं स्वर्ग. मग तीनमजली बंकमधल्या मधल्या फळीवर झोप, नाकापासून वीतभर अंतरावर वरच्याची फळी. अंघोळीचं पाणी मोजून. आई गेली तेव्हा मी समुद्रात होतो, मला सहाव्या दिवशी घरी पोहोचता आलं. फोनचं युग आलं तरी समुद्रात गेल्यावर गावाशी बोलणं हातातलं नसतं.

बंद जागेत जीव घाबरा होतो का, हे घरीच तपासा. गच्चीवरच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून टाकी घासून बघा. अर्ध्या तासात बाहेर यावंसं वाटलं तर नौदल तुमचं नव्हे. वांतीची काळजी नको, ती सगळ्यांना होते आणि बहुतेकांची थांबते.

पण निवृत्तीनंतर मला कामासाठी फिरावं लागलं नाही. आमच्या भागात साखर कारखाने आहेत आणि कारखान्यात बॉयलर. वाफ ती वाफच. परीक्षा दिली, सर्टिफिकेट काढलं, हंगामाला बॉयलर हाऊसमध्ये उभा राहिलो. नौदलात बारावीच्या सायन्सवाल्यांसाठी एसएसआर ही भरती आहे, गणित आणि फिजिक्स लागतं. इंजिन, वीज, रेडिओ असं काहीतरी हाताला लागतं. फक्त दहावी असेल तर एमआर ही भरती.

एक भानगड सांगून ठेवतो. मर्चंट नेव्ही म्हणजे नौदल नव्हे. ती मालवाहू जहाजांवरची नोकरी, तिचा सरकारच्या वर्दीशी संबंध नाही. "नेव्हीत लावतो" म्हणून आमच्याच एका गावकऱ्याकडून एका एजंटानं साडेतीन लाख घेतले. पोरगं चार महिने लॉजवर राहून परत आलं. आई-बाप अजून म्हणतात, पोराला नेव्हीनं फसवलं.

मावसभावाचा दिवस आमच्या दोघांपेक्षा शिस्तीत. बेळगावजवळच्या सांबऱ्याला प्रशिक्षण, मग विमानाच्या सांगाड्याचं काम. हँगरमध्ये जाताना हत्यारांच्या पेटीतले पाने मोजायचे, परत येताना मोजायचे. एकदा संध्याकाळी एक पाना कमी भरला. अख्ख्या टोळीनं टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत शोधला, तोवर विमान जागचं हललं नाही. पाना निघाला एकाच्या ओव्हरॉलच्या मागच्या खिशात. हे काम नीटनेटक्या, किटकिट्या माणसाचं आहे. वहीत समास आखणारा, सायकलची चेन स्वतः बसवणारा पोरगा तिथं शोभतो. कुटुंब सोबत ठेवायला त्याला आमच्यापेक्षा जास्त वर्षं मिळाली, पोरांच्या शाळा धड झाल्या. हवाई दलात जाणारे बहुतेक जण विमान उडवत नाहीत, हे घरच्यांना आधी सांगा; आमच्या मावशीला दहा वर्षं वाटत होतं की तिचा मुलगा पायलट आहे. हवाई दलाला इंग्रजीत स्वतंत्र 50 टक्के लागतात, तिथं आपली पोरं अडकतात. गणितात 80 आणि इंग्रजीत 46, असली मार्कशीट मी दर वर्षी बघतो.

मैदानाचं थोडक्यात. 1.6 किलोमीटर पळणं सगळीकडं आहे. सैन्यात साडेपाच मिनिटांत आलात तर पूर्ण 60 गुण, दहा पुलअपला 40. नौदलात साडेसहा मिनिटं, हवाई दलात सात, वर उठाबशा-पुशअप. सैन्यात आता लेखी आधी आणि मैदान नंतर, म्हणून नुसती पळणारी पोरं मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत. 2025 पासून ती लेखी मराठीतही देता येते. एनसीसीच्या सर्टिफिकेटला जादा गुण आहेत. सैन्याची भरती जिल्ह्याप्रमाणं होते, नौदल आणि हवाई दलाची जाहिरात सगळ्या देशाला एकच, हा फरकही ध्यानात ठेवा.

मेडिकलला पोरं ज्या कारणांनी अडकतात ती ऐकून हसू येतं. कानात मळ. डॉक्टरला पडदा दिसत नाही, तो परत पाठवतो. दोन महिने आधी कान साफ करून घ्या, पण डॉक्टरकडून, काडीनं नव्हे. दात किडलेले. गुडघे एकमेकांना घासणं, सपाट तळवा, पायावर फुगलेल्या शिरा. तालुक्याच्या डॉक्टरला एकदा अंगावरचे कपडे काढून नीट तपासायला सांगा, दोन-तीनशे रुपये जातील. रंग ओळखण्यात गडबड असेल तर ती त्याच दिवशी कळू दे. आणि यात्रेतलं गोंदण नको. दंडावर वाघ काढून आलेल्या एका पोराला मी स्वतः मैदानातून घरी पाठवलंय.

कागद. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव, आधारवरचं नाव, बारावीचं नाव, तिन्ही अक्षर न् अक्षर एक पाहिजेत. वडिलांच्या नावात आधारला 'राव' लागलेला आणि शाळेत नाही, एवढ्यावरून धावपळ होते. डोमिसाइल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, हे जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा. जाहिरात आली की सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर झोपतो.

मागच्या रविवारी एक पोरगा आला. उंची 163, सायन्सला 64 टक्के, इंग्रजीत 58, वय अठरा वर्षं दोन महिने. त्याला चुलत्यासारखं जनरल ड्यूटीला जायचं होतं. उंचीनं तो विषय तिथंच संपला. थोडा हिरमुसला. मग आम्ही चहा घेतला आणि वहीच्या पानावर लिहिलं: एनडीएची एखादी संधी बाकी, नौदल एसएसआर, हवाई दल, आणि सैन्यात क्लार्क. टाकीत उतरून ये म्हटलं तर म्हणाला, "नाना, आमची टाकी दर महिन्याला मीच घासतो."

आमच्या पडवीच्या चौकटीवर मी खिळ्यानं तीन रेघा मारल्या आहेत, 157, 162 आणि 168. रविवारी सकाळी सातनंतर या, येताना दहावीचं सर्टिफिकेट आणा आणि चपला अंगणातच काढा.